फ्लूसदृश आजारांची नोंद: या चुका टाळा

नाक गळतंय ना, मग लिही ‘आयएलआय’! नवीन आलेल्या प्रत्येकाची पहिली चूक हीच. ‘आयएलआय’ म्हणजे फ्लूसदृश आजार, त्याची व्याख्या दीड ओळीची आहे: मोजलेला ताप 38 अंश सेल्सियस किंवा जास्त, सोबत खोकला, आणि आजार गेल्या 10 दिवसांत सुरू झालेला. याच लक्षणांनी भरती करावं लागलं तर ‘सारी’, म्हणजे श्वसनाचा तीव्र, गंभीर संसर्ग. दीड ओळ पाठ करायलाही लोकांना वेळ नसतो.

सोलापुरात गोची होते ती त्या 10 दिवसांपाशी. तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातली विडी वळणारी बाई तंबाखूच्या धुळीत बसते, यंत्रमागावरचा गडी सुताच्या. खोकला त्यांच्या घरचाच. म्हणून मी ‘खोकला आहे का?’ असं विचारतच नाही. ‘दग्गु एन्नि रोजुल नुंची?’ म्हणजे खोकला किती दिवसांपासून, एवढं तेलुगू मी त्यासाठीच शिकलो. जुनाच असेल तर या चार दिवसांत वाढलाय का, हेही विचारतो. उत्तराची तारीख लगेच लिहायची. संध्याकाळी आठवून भरलेल्या तारखा मला लांबून ओळखू येतात, सगळ्या ‘3 दिवस’ असतात.

आता छेदाची, म्हणजे ज्या एकूण रुग्णसंख्येने भागायचं तिची गोष्ट. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या आठवड्यात ओपीडी ओस पडते. सातही नंदीध्वज निघालेले असताना दवाखान्यात कोण येणार? एका वर्षी त्या आठवड्यात आमच्याकडे आयएलआयचे 9 रुग्ण आणि पुढच्या आठवड्यात 27. आमच्या एका उत्साही पोराने मला न विचारता वर फोन लावला, ‘तिप्पट झाले, साथ आली!’ दुपारपर्यंत वरच्यांची गाडी दारात. मी फक्त एकूण ओपीडी विचारली. आधीच्या आठवड्यात 180, नंतर 560. म्हणजे 5 टक्के आणि 4.8 टक्के. साथ नव्हती, यात्रा संपली होती. पोरगं दोन दिवस माझ्याशी बोललं नाही. तेव्हापासून आयएलआयच्या आकड्याशेजारी एकूण ओपीडी लिहिल्याशिवाय मी सही करत नाही. आषाढीला पंढरपूरकडे उलटं होतं, ओपीडीच फुगते, आणि रुग्ण कुठल्या गावचा हे लिहिलं नसेल तर नुसत्या टक्केवारीनेही काही कळत नाही.

एप्रिल-मेमध्ये कपाळावर धरायच्या ताप मोजणाऱ्या बंदुकीवर विसंबू नका. उन्हातून चालत आलेल्याचं कपाळ तापलेलंच असणार. पंधरा मिनिटं सावलीत बसवा, मग साधा डिजिटल थर्मामीटर काखेत.

रुग्ण नसेल तर 0 लिहा. रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे, तुम्ही सुट्टीवर होता.

स्वॅब पहिल्या तीन-चार दिवसांत घ्या. कापसाची लाकडी काडी नको. व्हीटीएमची (विषाणू टिकवणाऱ्या द्रावाची) नळी 2 ते 8 अंशांवर ठेवायची; ‘जास्त गार म्हणजे जास्त टिकेल’ म्हणून बर्फाच्या कप्प्यात कोंबणारे दरवर्षी एक-दोन भेटतातच. फ्रीजच्या त्या दारावर मी आता चिकटपट्टीच मारून ठेवली आहे.