महासंघाची सदस्यता वाढवताना या चुका टाळा

वैज्ञानिक संस्थांच्या आंतरराष्ट्रीय महासंघात नव्या संस्था आणायचे ठरले की उत्साही मंडळी एक विनंतीपत्र तयार करतात, मिळतील त्या सर्व पत्त्यांवर ते पाठवतात आणि किती अर्ज आले ते मोजत बसतात. मी मुंबईत अशा एका महासंघासाठी भारतातील आणि शेजारच्या देशांतील अर्जांची छाननी करतो. त्याच त्या चुका मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे आणि त्यांपैकी बहुतेक चुका घाईतून होतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे देशाची जागा आधीच कोणाकडे आहे, हे न पाहता नव्या संस्थेला अर्ज करायला लावणे. बहुतेक आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक संघांमध्ये सदस्यता देशागणिक एकाच संस्थेकडे किंवा राष्ट्रीय समितीकडे असते. भारताच्या बाबतीत अनेक संघांचे हे प्रतिनिधित्व दिल्लीतील भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीकडे आहे, याची कल्पना मुंबईतील कित्येक कार्यवाहांना नसते. एका चांगल्या मुंबईकर संस्थेचा अर्ज आमच्याकडे आला होता. तिची व्याख्याने नियमित होत, हिशेब चोख होते आणि तरुण सभासद भरपूर होते. विस्तार समितीला आकडा वाढलेला हवा होता, त्यामुळे फारशी विचारपूस न होता अर्ज पुढे सरकला. आमसभेच्या तोंडावर पूर्व भारतातील एका जुन्या संस्थेचे पत्र आले. देशाची जागा कित्येक दशके तिच्याकडे होती. वर्गणी थकलेली असली तरी तिचे सदस्यत्व रद्द झालेले नव्हते, आणि आपल्याला कोणी साधे विचारलेही नाही, ही तिची तक्रार रास्त होती. अर्ज बाजूला ठेवावा लागला. मुंबईच्या संस्थेला तो अपमान वाटला, जुन्या संस्थेला हा आपल्या हक्कावर घाला वाटला, आणि दोघांमधला पत्रव्यवहार इतका कडवट झाला की एकमेकांच्या परिषदांना जाणेही बंद पडले. अखेरीस दोघांची मिळून राष्ट्रीय समिती झाली आणि तिचे अध्यक्षपद आळीपाळीने दोन्हीकडे जाऊ लागले. आधी कोणी फोन केला असता, तर हीच तडजोड पहिल्याच महिन्यात झाली असती.

याहून कितीतरी अवघड पेच समजुतीने सुटलेले आहेत. आंतरराष्ट्रीय गणित संघात 1986 मध्ये चीनचा प्रवेश झाला, तेव्हा बीजिंगची आणि तैपेईची अशा दोन्ही गणित संस्थांना एकाच सदस्यत्वाखाली घेऊन मते वाटून देण्यात आली. म्हणून मी आता कोणालाही कोरा अर्ज पाठवत नाही. विद्यमान सदस्य संस्थेचे किंवा अकादमीचे संमतिपत्र आधी मागतो आणि ते हातात आल्यावरच अर्ज देतो. काही जणांना ही अडवणूक वाटते, पण मी हा शिरस्ता मोडत नाही.

दुसरी चूक पैशांची आहे. एका संस्थेने युरोपातील महासंघाला वर्गणी वेळेत आणि पूर्ण पाठवली होती, तरी प्रतिनिधीला मतदानाच्या दिवशी मतपत्रिका मिळाली नाही. मधल्या बँकेने आपले शुल्क रकमेतून कापून घेतले होते, महासंघाच्या खात्यात थोडी कमी रक्कम जमा झाली होती आणि खजिनदाराच्या यादीत त्या संस्थेच्या नावापुढे थकबाकी लागली होती. महासंघाच्या घटनेनुसार थकबाकीदाराला मत नसते. परदेशी रक्कम पाठवताना बँकेच्या अर्जात शुल्क कोण सोसणार, असा एक रकाना असतो. तेथे ‘ओयूआर’ लिहिल्यास सर्व शुल्क पाठवणाऱ्याने भरायचे असते, आणि ‘एसएचए’ लिहिल्यास मधल्या बँकांची कपात पाठवलेल्या रकमेतून होऊ शकते. बहुतेक खजिनदार हा रकाना शाखेतल्या कर्मचाऱ्यावर सोडून देतात. तो स्वतः भरावा, स्विफ्ट संदेशाची (पैसे पाठवल्याच्या बँकेच्या नोंदीची) प्रत त्याच दिवशी महासंघाच्या खजिनदाराला ईमेलने पाठवावी आणि पूर्ण रकमेची पावती आल्याशिवाय फाइल बंद करू नये. धर्मादाय संस्थेला प्राप्तिकरात मिळणारी सवलत सर्वसाधारणपणे भारतात केलेल्या खर्चावर असते, त्यामुळे वर्गणी पाठवण्यापूर्वी सीएंशी बोलणे आवश्यक आहे.

महाराष्ट्रातील संस्थांची आणखी एक अडचण वारंवार समोर येते. अर्जावर नव्या अध्यक्षांची सही असते आणि धर्मादाय आयुक्तांच्या नोंदवहीत मात्र जुनीच नावे असतात, कारण निवडणुकीनंतर 90 दिवसांत दाखल करायचा चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याचा अहवाल, कोणी दाखलच केलेला नसतो किंवा तो आयुक्तांच्या कार्यालयात प्रलंबित असतो. महासंघाच्या छाननी समितीला हा विलंब समजावून सांगणे कठीण जाते. चेंज रिपोर्ट दाखल केल्याची पोच आणि निवडणुकीच्या सभेचे इतिवृत्त इंग्रजी भाषांतरासह अर्जाला जोडले, तर प्रश्न उरत नाही.

सभासदसंख्या फुगवू नये. अनेक महासंघ वर्गणी सभासदसंख्येवरून ठरवतात, आणि वर्गणी न भरणाऱ्यांची नावे यादीत ठेवणारी संस्था त्यांचेही पैसे भरत राहते.

महासंघाकडून प्रवास अनुदान मिळेल, असे आमिष कोणाला दाखवू नये. भारतीय संस्थेला असे अनुदान किंवा परदेशी देणगी घेण्यासाठी 2010 च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच प्रथम यावी लागते.

लहान देशांच्या संस्थांना एकदम पूर्ण सदस्यत्वाकडे ढकलणेही मला मान्य नाही. गणित संघात सहयोगी सदस्याला मत नसते, पण वर्गणीही नसते. नव्या, गरीब संस्थेला उभे राहण्यासाठी अशी पायरी फार उपयोगी पडते. याच्या उलट, एखाद्या देशाशी राजकीय वैर आहे म्हणून तेथील संस्थेचा अर्ज दडपून ठेवणे हा अक्षम्य प्रकार आहे. पहिल्या महायुद्धानंतर 1919 मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधन परिषदेने जर्मनी आणि तिच्या बाजूने लढलेल्या राष्ट्रांना बाहेर ठेवले. त्या कटुतेचा फटका 1920 मध्ये निघालेल्या गणित संघालाही बसला. तो 1932 मध्ये बंद पडला आणि नव्याने उभा राहायला 1951 उजाडले.

शेवटी वेळापत्रक. नव्या सदस्यांना मान्यता बहुधा आमसभेत मिळते. शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाची आमसभा दोन वर्षांनी होते, खगोलशास्त्रीय संघाची तीन वर्षांनी आणि गणित संघाची चार वर्षांनी. मुदत एका दिवसाने चुकली तरी तेवढी वर्षे थांबावे लागू शकते. मी आमसभेच्या तारखेपासून मागे मोजत संमतिपत्र, कार्यकारिणीचा ठराव, लेखापरीक्षण अहवाल आणि भाषांतरे यांच्या तारखा ठरवतो व संबंधित कार्यवाहांना त्या लेखी कळवतो. ठराव झालेला नसताना ‘अर्ज आत्ता पाठवतो, ठराव मागाहून देतो’ असे म्हणणाऱ्यांचा अर्ज मी परत पाठवतो.