डॉगवुडचा बुंधा आत्ताच तपासा

एप्रिलअखेर न्यू जर्सीपासून नॉर्थ कॅरोलायनापर्यंत अंगणातले डॉगवुड (वसंतात फुलणारं छोटं शोभेचं झाड) फुललेले असतात आणि त्याच सुमारास गवत कापणी सुरू होते. झाडाचा घात इथेच होतो. ट्रिमरची दोरी बुंध्याला घासते, पातळ साल सोलली जाते. मे ते सप्टेंबर उडणारा खोडकिड्याचा पतंग अशाच जखमेजवळ अंडी घालतो. अळी सालीखालचा भाग खाते, आणि पोखरण बुंध्याभोवती पूर्ण फिरली की झाड वाळतं. धडधाकट सालीतून तिला सहसा शिरता येत नाही.

म्हणून या आठवड्यात बुंध्याभोवती किमान 3 फूट गवत हाताने काढा. वर 2 ते 3 इंच लाकडी भुग्याचं आच्छादन घाला, पण सालीपासून 4 इंच दूर. माळी वारुळासारखा ढीग खोडाला टेकवून जातात. त्याने साल कायम ओली राहून कुजते. तो ढीग आजच ओढून काढा.

सालीच्या भेगेत तांबूस भुसा, एखाद्या फांदीची पानं भर उन्हाळ्यात लाल, बुंध्यातून फुटलेले धुमारे: ही लक्षणं दिसली की अळी आत असण्याची शक्यता मोठी. बारीक तार भोकात घालून ती मारा. दुकानदार मुळाशी ओतायचं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक पुढे करतात. या अळीवर त्याचा उपयोग होत नाही, पैसे घालू नका. परमेथ्रिन या कीटकनाशकाची खोडावर फवारणी चालते, पण अळी आत शिरण्यापूर्वी आणि लेबलवरच्याच मात्रेने. वेळ साधायला कामगंध सापळा (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारा) उत्तम. सापळा नसेल तर आमचा ठोकताळा असा: फुलं गळू लागली की पतंग आलाच समजा. भर उन्हातल्या झाडांवर तो आधी जातो.

बाकी कामं:
- खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद. मुळं फुटतात तो बुंध्याचा फुगीर भाग जमिनीच्या वर.
- सकाळचं ऊन, दुपारची सावली. ओकच्या कडेला, अझेलियाच्या झुडपांसोबत.
- आम्लधर्मी, निचऱ्याची जमीन, सामू (pH) 5.5 ते 6.5.
- पाऊस नसेल तर आठवड्याला 1 इंच पाणी, मुळाशी. मुळं उथळ असतात.
- माती परीक्षणाशिवाय खत नाही.
- वाळक्या फांद्या हिवाळ्यात काढा. मे-जूनमध्ये छाटणी नको, तीही जखमच.

थंड, ओल्या वसंतात अँथ्रॅक्नोज रोगाने पानांवर जांभळ्या कडेचे डाग पडतात. गळलेली पानं गोळा करून नष्ट करा.

बुंध्याचा अर्ध्याहून जास्त घेर पोखरला असेल तर औषधोपचार थांबवून झाड काढा. नवं लावताना अँथ्रॅक्नोजचा त्रास असेल तिथे 'अ‍ॅपलेशियन स्प्रिंग', भुरीचा (पानांवरची पांढरी बुरशी) असेल तिथे 'अ‍ॅपलेशियन जॉय' ही जात निवडा. रोप घेताना नर्सरीतच बुंध्याची साल बोटाने चाचपा. खरचटलेलं रोप स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.