जुन्या दणदणीत फुलांची सेंटं सोलापुरात लावायची तर

निशिगंध, जाई, गुलाब खच्चून भरलेली जुनी फ्रेंच सेंटं उघडली की पहिला भपकारा अंगावर येतो. "डोकं उठलं" म्हणणाऱ्याने बहुतेक वेळा एक थेंब पुरे होता तिथे चार फवारे मारलेले असतात. सोलापुरात तर हिशेब आणखी कडक. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर गेला की अंगावरचं सेंट भराभर उडतं, आणि कोरड्या कातडीला ते धरून ठेवता येत नाही. सुरुवातीला घमघमाट, दोन तासांनी जवळजवळ काहीच नाही. म्हणून उन्हाळ्यात मात्रा निम्मी आणि वेळ सूर्य कलल्यानंतरची.

सेंट विकत घेण्याआधी फुलांवर नाक तयार करा. निशिगंधाच्या दोन काड्या आणा, निम्म्या कळ्या मिटलेल्या अशा. पाण्यात ठेवून रात्री नऊच्या सुमारास हुंगा, कारण हे फूल रात्री जास्त दरवळतं. आधी ओल्या देठाचा हिरवट वास लागेल, मग लोण्यासारखा जडपणा, आणि मध्येच गंधपुरा तेलाची झाक. ही झाक खरीच आहे: पाठदुखीच्या मलमात असतं ते मिथाइल सॅलिसिलेट निशिगंधातही असतं. मग कालचा, कडा तपकिरी पडलेला मोगऱ्याचा गजरा घ्या. त्यात डांबरगोळीच्या जवळ जाणारा कुबट वास येतो, तो फुलातल्याच इंडोल नावाच्या द्रव्याचा. हे दोन वास ओळखू आले की जुन्या सेंटातला "विचित्र" भाग फुलाचाच आहे हे कळतं. इंडोल काढून टाकलं तर जाई साबणासारखी गुळगुळीत होते.

आता बाटल्या. जर्मेन सेलिये यांनी १९४८ मध्ये रॉबेर पिगे या फॅशन कंपनीसाठी केलेलं फ्राका म्हणजे निशिगंधाचा मापदंड. आंरी आल्मेरास यांचं जॉय १९३० चं, जाई आणि गुलाबाचं. त्याच्या एका औंसाला जाईची १०,६०० फुलं आणि २८ डझन गुलाब लागतात, अशी कंपनीचीच जाहिरात होती. १९८५ चं पॉयझन निशिगंधावर आलुबुखार आणि मसाले चढवतं. हे सगळ्यांत शेवटी घ्या, कारण त्याची मात्रा चुकली तर लपवायला जागा नाही. नाक अजून बिचकत असेल तर १९५६ च्या दिओरिसिमोपासून सुरुवात करा. त्यातल्या लिली ऑफ द व्हॅली या फुलातून वापरण्याजोगं तेल निघत नाही, म्हणून तो वास एदमाँ रुद्निस्का यांनी इतर द्रव्यांतून उभा केला.

जुनी बाटली हाती आली की आधी कागदावर तपासा. चित्रकलेच्या जाड कागदाच्या १० सेंटिमीटर लांब, अर्धा सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापा. टोकाला एक थेंब, दुसऱ्या टोकाला नाव आणि वेळ. पाच मिनिटांनी, अर्ध्या तासाने, दोन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगा. पहिल्या पाच मिनिटांत नेलपॉलिश रिमूव्हरसारखा किंवा आंबट वास आला तरी बाटली फेकू नका. लिंबूवर्गीय तेलं आणि ॲल्डिहाइड नावाची झणझणीत द्रव्यं हा वरचा थर सगळ्यांत आधी बिघडतो, खालची फुलं आणि लाकूड बरेचदा शाबूत असतात. अर्ध्या तासानंतरही खवट तेलाचा वास राहिला तर मात्र ते सेंट गेलं. गडद तपकिरी रंगाला घाबरू नका. इंडोल आणि व्हॅनिलाचा वास देणाऱ्या व्हॅनिलिनमुळे तो येतोच. तीन पट्ट्यांनंतर नाक बधिर होतं. कॉफीच्या बिया हुंगण्याचं फॅड सोडा, स्वतःच्या धुतलेल्या बाहीत दोनदा श्वास घ्या.

अंगावर लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून २४ तास थांबा, आणि तो भाग उन्हात नेऊ नका. जुन्या सेंटांतल्या बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या तेलाने आणि मस्क अँब्रेटसारख्या कृत्रिम कस्तुरीने उन्हात कातडी लाल होऊ शकते, काळे डागही पडतात. दुपारी एक वाजता उघड्या मानेवर १९६० सालचं सेंट लावून नवी पेठेत खरेदीला निघणं हा शुद्ध वेडेपणा.

मात्रा अशी धरा: एक थेंब साधारण ०.०५ मिली, एक फवारा ०.१ मिली, म्हणजे दोन थेंब. बाटलीवर पार्फम किंवा एक्स्ट्रे, म्हणजे सगळ्यांत दाट प्रकार, लिहिलं असेल तर काचेच्या बुचाचा एक स्पर्श बास. त्याहून पातळ ओ द पार्फमचा एक फवारा, आणखी पातळ ओ द ट्वालेटचे फार तर दोन. जागा नाकापासून लांबची: मानेमागे केसांखाली, गुडघ्यामागे, कमरेला. गळ्याशी लावलं की स्वतःला दहा मिनिटांत वास येईनासा होतो आणि हात पुन्हा बाटलीकडे जातो. निम्मे घोळ इथेच होतात. आधी त्या जागी बिनवासाचं व्हॅसलीन मुगाच्या दाण्याएवढं चोळा, मगच थेंब, म्हणजे कोरड्या हवेतही टिकतं. मनगटं एकमेकांवर घासू नका, वरचा थर लवकर उडतो. घरातून निघण्याच्या अर्धा तास आधी लावा.

रेशमी पदरावर किंवा पांढऱ्या सुती सदऱ्यावर थेट नको, तपकिरी डाग धुऊनही जात नाही. त्यापेक्षा अत्तराची जुनी रीत: कापसाचा फाया, त्यावर एक थेंब, स्पिरिट उडेपर्यंत पाच मिनिटं वाऱ्यावर, आणि मग बटव्यात. केसात गजरा असेल त्या दिवशी सेंट नकोच. खरा मोगरा आणि बाटलीतला निशिगंध एकमेकांना बेसूर करतात.

कुठे लावावं? जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला, होम मैदानावरच्या थंड उघड्या हवेत फ्राका खुलतं. हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकाला फक्त फाया. पुण्याला जाताना हुतात्मा एक्सप्रेसच्या एसी डब्यात काहीही नको. शेजारच्याला चार तास उठून जाता येत नाही.

जास्त झालंच तर नुसत्या पाण्याने जात नाही. कापसावर बिनवासाचं सॅनिटायझर घेऊन पुसा, मग साबण.

ठेवण्याच्या बाबतीत आपला उन्हाळा हाच मोठा शत्रू. पत्र्याखालचा माळा, पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट, न्हाणीघर, या तिन्ही जागा बाद. सुती कापडात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात, आतल्या खोलीत, कपाटाच्या सगळ्यांत खालच्या खणात ठेवा. त्या खणात डांबरगोळ्या नकोत. मे महिन्यात घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवलं तरी चालतं, पण रोज आत-बाहेर करू नका. बाटली निम्मी झाली की उरलेलं लहान काचेच्या कुपीत काठोकाठ भरा, आतली हवाच सेंट खराब करते.

काचेचं बूच अडकलं तर ओढू नका, बाटलीची मान तुटते. खाली सोलापुरी टॉवेलाची चौघडी अंथरा, सांध्यावर स्पिरिटचा एक थेंब सोडून दहा मिनिटं थांबा, कोमट पाण्यात पिळलेलं फडकं फक्त मानेभोवती मिनिटभर धरा आणि बूच हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवा. नाही सुटलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.