कॅनडा पीआर: १४ महिने अडकलेला 'बॅकग्राउंड चेक' कसा सुटला

पीआरच्या (कायमस्वरूपी वास्तव्याच्या) अर्जात मेडिकल पास, बायोमेट्रिक्स (बोटांचे ठसे, फोटो) झालेले, पण ऑनलाइन स्टेटसमधली 'बॅकग्राउंड चेक'ची (गुन्हे आणि सुरक्षा तपासणीची) ओळ १४ महिने जागची हलेना. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या वेबफॉर्मवर तीनदा विचारलं, तिन्ही वेळा तेच साचेबद्ध उत्तर. हेल्पलाइनचं संगीत तर पाठ झालं. अक्षरशः वैताग.

मग तिथल्या माहिती अधिकाराखाली (फी ५ डॉलर, मुदत ३० दिवस) माझ्या फाइलच्या जीसीएमएस नोट्स (खात्याच्या संगणकात अधिकाऱ्यांनी केलेल्या नोंदी) मागवल्या. मी टोरांटोत होतो म्हणून थेट अर्ज करता आला. भारतातून याच कायद्याखाली करायचा तर कॅनडातल्या कुणाला तरी संमतीपत्र द्यावं लागतं; तिथल्या प्रायव्हसी कायद्याखाली मात्र २०२२ पासून भारतातूनही थेट अर्ज करता येतो.

नोट्स शेवटच्या नोंदीपासून उलट्या वाचा. माझी अडचण तिथेच सापडली: दुबईच्या पोलीस दाखल्यावर वडिलांचं नाव नव्हतं, पासपोर्टवर होतं. आपलं तीन पदरी नाव!

आधी पासपोर्टबरहुकूम नवा दाखला काढला. मग दोन्ही नावं माझीच, असं प्रतिज्ञापत्र केलं. दोन्हींची एकच पीडीएफ, वर चार ओळींचं पत्र, त्यात अर्ज क्रमांक आणि यूसीआय (खात्याने प्रत्येक अर्जदाराला दिलेला ओळख क्रमांक). सगळं वेबफॉर्मने पाठवलं. सहा आठवड्यांनी ओळ हलली. मेडिकलची १२ महिन्यांची मुदत तोवर उलटली होती, पण खात्याचं तसं पत्र आल्यावरच मेडिकल पुन्हा केलं.