ग्रीक पुराणकथांवर आधारलेले खेळविश्व रचताना या चुका टाळा

गेली बारा वर्षे मी डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे टेबलावर कथा सांगणारा आणि खेळ चालवणारा) म्हणून 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आणि त्याच प्रकारचे रोलप्लेइंग, म्हणजे पात्रांच्या भूमिका करत खेळायचे, खेळ चालवत आहे, आणि त्यांतील बहुतेक कॅम्पेन (अनेक सेशन म्हणजे बैठकांत चालणारी एकच कथा) ग्रीक पुराणकथांच्या धर्तीवरच्या विश्वात घडलेले आहेत. नवे डीएम आपापली विश्वे मला दाखवायला आणतात, तेव्हा त्यांत संगमरवरी खांब असतात, ऑलिव्हच्या बागा असतात, गावांची नावेही कष्टाने शोधलेली असतात. पण आत शिरले की तोच मध्ययुगीन युरोपातील राजा, तीच खानावळ आणि सोन्याच्या नाण्यांची तीच थैली भेटते. ग्रीक कथा चालतात त्या बंधनांच्या बळावर : यजमान आणि पाहुणा, शपथ घेणारा आणि शपथ, बळी देणारा आणि देव. ही बंधने खेळात उतरली नाहीत, तर पुढचे सगळे सजावटीपुरते उरते.

सर्वाधिक कॅम्पेन ज्या चुकीने बुडालेले मी पाहिले, ती भविष्यवाणीची आहे. ही चूक मी स्वतः केलेली असल्यामुळे ती सविस्तर सांगतो. माझ्या चौथ्या कॅम्पेनमध्ये दोन खेळाडू सख्ख्या भावांच्या भूमिका करत होते. देवळातील पुजारिणीच्या तोंडी मी वाक्य घातले, "धाकट्याच्या भाल्याने थोरला पडेल." त्याच संध्याकाळी धाकट्याने आपला भाला समुद्रात फेकला आणि पुन्हा भाल्याला हात न लावण्याची शपथ घेतली. त्या क्षणी मी थांबून त्या शपथेला कथेचा कणा करायला हवे होते. त्याऐवजी पुढचे चार महिने मी त्याच्या हाती भाला यावा म्हणून प्रसंग रचत राहिलो : तलवार मोडली, शस्त्रागारात भालेच शिल्लक राहिले, वाऱ्याने दार आपटले आणि भिंतीवरचा भाला निसटला. शेवटी थोरल्याला वाचवणारा फासा पडद्याआड चांगला पडला असतानाही मी तो वाईट पडल्याचे सांगितले. थोरल्याची भूमिका करणाऱ्याला तो आकडा दिसला होता. तो काही बोलला नाही. त्याने कागद गोळा केले आणि पुन्हा आला नाही. दोन सेशननंतर ते कॅम्पेन बंद पडले.

मारणारा, मरणारा आणि शस्त्र हे तिन्ही मी आधीच खिळे ठोकून पक्के केले होते. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने सांगितलेली डेल्फीच्या देवळातील भाकिते याच्या नेमकी उलट आहेत. लिडियाचा राजा क्रीसस याला सांगण्यात आले, की त्याने पर्शियावर स्वारी केली तर एक मोठे साम्राज्य नष्ट होईल. त्याने हॅलिस नदी ओलांडली आणि नष्ट झाले ते त्याचेच. इ.स.पू. ४८० च्या पर्शियन आक्रमणापूर्वी अथेन्सच्या दूतांना मिळालेले पहिले उत्तर इतके निराशेचे होते, की ते शरणागतांच्या फांद्या हाती घेऊन पुन्हा आत गेले आणि त्यांनी दुसरे उत्तर मागितले. त्यात 'लाकडी भिंत' तारेल असे शब्द आले. काहींनी त्याचा अर्थ अक्रोपोलिसभोवतीचे लाकडी कुंपण असा घेतला, अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लीस याने जहाजे असा घेतला. कुंपण उभारून गडावर थांबलेले मारले गेले आणि जहाजांनी सलामिसची लढाई जिंकली. खेळासाठी मोलाचा भाग आहे तो सभेतील वाद, आणि तो वाद खेळाडूंनी घालायचा असतो.

म्हणून माझी सवय आता अशी आहे. भविष्यवाणी दोन ओळींची लिहायची आणि वहीत तिचे तीन वेगवेगळे अर्थ मांडायचे. तिसरा अर्थ सुचला नाही, तर कागद फाडून पुन्हा लिहायची. कोणत्याही खेळाडूच्या पात्राला त्यात कर्ता करायचे नाही. लिहिलेला कागद टेबलावर ठेवल्यावर अर्धा तास मी तोंड उघडत नाही. बापाला मारून आईशी लग्न करील ही ईडिपस राजाची भविष्यवाणी अटळ होती, असा युक्तिवाद मला नेहमी ऐकवला जातो. पण अथेन्सच्या प्रेक्षकांना त्या कथेचा शेवट नाटकाला येण्यापूर्वीच ठाऊक होता, आणि ते नाटक एका माणसाचे आहे. आपल्या टेबलावर पाच जण बसलेले असतात आणि त्यांतील कोणालाच शेवट ठाऊक नसतो. प्रत्येक सेशनला कौल मागणाऱ्या उतावळ्या खेळाडूंना मी एवढेच सांगतो, की डेल्फीची पुजारीण पिथिया महिन्यातून एकच दिवस प्रश्न ऐकत असे आणि हिवाळ्यात तेही बंद असे.

दुसरी चूक पाहुणचाराची. ग्रीकांचा 'झेनिया' हा धर्म होता आणि त्याचे रक्षण देवांचा राजा झ्यूस स्वतः करत असे. ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याने मेनेलाउस राजाच्या घरी पाहुणा म्हणून राहून त्याची बायको हेलन हिला पळवले, हे ट्रॉयच्या युद्धाचे मूळ आहे. ट्रॉयच्या युद्धावरील इलियड या महाकाव्याच्या सहाव्या सर्गात ग्लॉकस आणि डायोमिडीज हे विरुद्ध पक्षांतील योद्धे ऐन रणांगणात समोरासमोर येतात, आजोबांच्या काळचे पाहुणेपणाचे नाते लक्षात येताच लढणे थांबवतात आणि चिलखतांची अदलाबदल करतात. त्यात नऊ बैलांच्या मोलाच्या कांशाच्या चिलखताबदल्यात शंभर बैलांच्या मोलाचे सोन्याचे चिलखत जाते. एवढे बळकट बंधन सोडून नवा डीएम खेळाची सुरुवात खानावळीत करतो, कारण त्याने वाचलेले प्रत्येक तयार साहस तेथेच सुरू झालेले असते.

एका कॅम्पेनमध्ये मी खेळाडू होतो. यजमानाने आम्हांला जेवू घातले आणि रात्री झोपेत आमच्यावर मारेकरी सोडले. आम्ही वाचलो, त्याला मारले, घरातील चांदी घेतली आणि सकाळी पुढे निघालो. डीएमला धक्का द्यायचा होता, तो त्याने दिला. पण ना कोणी शेजारी दचकला, ना आकाशात काही कडाडले, ना रक्त सांडलेल्या हातांनी देवळात जाण्यापासून आम्हांला कोणी अडवले. ग्रीक कथेत त्या एका रात्रीवर पुढच्या तीन पिढ्या खर्ची पडल्या असत्या. रक्तपाताचा विटाळ म्हणजे 'मियास्मा' केवळ त्या माणसाला नव्हे, साऱ्या नगराला लागतो आणि शुद्धीविधीशिवाय जात नाही. मी अशा प्रसंगानंतर पुढच्या गावातील विहिरीपाशी खेळाडूंना कोणी पाणी देत नाही एवढेच दाखवतो. त्यामागचे कारण खेळाडू स्वतः शोधून काढतात.

पाहुणचाराचा क्रमही पाठ करून ठेवावा. आधी आसन, हात धुवायला पाणी, मग अन्न, आणि त्यानंतरच नाव-गाव. ओडिसी या महाकाव्यात पिलॉसचा राजा नेस्टर ओडिसियसचा मुलगा टेलेमॅकस याला जेवण झाल्यावरच विचारतो, की तुम्ही कोण. एकडोळा राक्षस पॉलिफिमस मात्र गुहेत माणसे दिसताच पहिला प्रश्न हाच करतो आणि पुढे पाहुण्याची भेट म्हणून ओडिसियसला सर्वांत शेवटी खाण्याचे आश्वासन देतो. हा क्रम खेळाडूंच्या अंगवळणी पडला, की एखाद्या सुंदर बाईने दारातच नाव विचारल्याबरोबर टेबलावर शांतता पसरते. कोणत्याही राक्षसाच्या लांबलचक वर्णनाने ती साधत नाही.

देवांविषयी एकच आग्रह : त्यांना दुकानदार करू नका. २०२० च्या 'मिथिक ओडिसीज ऑफ थेरॉस' या पुस्तकात देवाच्या मर्जीचे गुण आहेत आणि ३, १०, २५ व ५० गुणांना वरदाने मिळतात. यंत्रणा चांगली आहे, पण आळशी टेबलावर तिचे बचत खाते होते. एका देवाची मर्जी वाढली, की दुसऱ्या कोणत्या देवाच्या कपाळावर आठी पडली, हे मी त्याच ओळीत लिहितो. अथीना देवी ओडिसियसला जपत असताना समुद्रदेव पोसायडन त्याला समुद्रात भटकवतच होता. "मी बळी देतो" असे म्हणून कोणी फासा उचलला, तर मी विचारतो : कोणते जनावर, कोणाच्या कळपातले, आणि मांस कोण खाणार? मृतांना बोलावण्यासाठी ओडिसियस हातभर लांब-रुंद खड्डा खणतो, त्यात मध-दूध, मद्य आणि पाणी ओततो, वर सातूचे पीठ टाकतो आणि मेंढ्यांचे रक्त सोडतो. हे वर्णन फाशावर उरकण्यासारखे नाही. आपल्याकडील खेळाडू सवयीने उःशापही मागतात. ग्रीक देव सहसा दुसऱ्या देवाचे केलेले मोडत नाहीत. हेरा देवीने टायरेसियस नावाच्या माणसाला आंधळे केले, तेव्हा झ्यूसने दृष्टी परत दिली नाही, भविष्य पाहण्याची शक्ती दिली. भरपाई मागायला शिकवा, कथा तेथून वाढते.

बाकीच्या चुका थोडक्यात. क्राकेन उत्तर युरोपातील आहे; १९८१ च्या एका चित्रपटामुळे तो ग्रीक कथेत घुसला, आणि राजकन्या अँड्रोमिडाला गिळायला आलेल्या प्राण्याला ग्रीक 'केटोस' म्हणतात. मेड्युसा ही एक व्यक्ती आहे, तीन गॉर्गन बहिणींपैकी एकटी मर्त्य. नियमपुस्तकातील 'गॉर्गन' मात्र लोखंडी कातडीचा बैल आहे, तेव्हा शब्द वापरण्यापूर्वी खुलासा करा. हेडीसला सैतान करू नका, तो मृतांचा राजा आहे. टोगा रोमन आहे. नाणी पाडणे लिडियात इ.स.पू. सातव्या शतकात सुरू झाले, म्हणून वीरयुगातील बक्षिसे बैल, तिवया आणि कढया अशीच ठेवा.

नकाशाबाबत मात्र थोडे थांबतो, कारण उतावळेपणा तेथेच सर्वाधिक दिसतो. एका रात्रीत चाळीस नगरे आणि बारा देवांची वंशावळ तयार करणाऱ्यांचे कॅम्पेन मी तिसऱ्या सेशनपलीकडे गेलेले पाहिलेले नाही. मी आधी ओडिसीचे नववा ते बारावा हे सर्ग पुन्हा वाचतो आणि मग एकच बेट काढतो : एक बंदर, एकमेकांशी न बोलणारी दोन घराणी, डोंगरावर एक पडके देऊळ आणि वारा पडल्यामुळे अडकलेले एक जहाज. दुसरे बेट काढायला मी पेन्सिल उचलतो ती खेळाडूंनी त्या जहाजाच्या तांडेलाला 'कुठे चाललास' असे विचारल्यावर.