मनपा शाळेत मराठी-हिंदी दुहेरी वर्ग कसा चालवावा

नागपुरात महापालिकेच्या मराठी आणि हिंदी अशा दोन्ही माध्यमांच्या शाळा आहेत, आणि १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशात असल्यामुळे हिंदी येथे पाहुणी नाही. दोन्ही भाषांची मुले एकाच वर्गात बसवून सर्वांना दोन्ही भाषांतून शिकवणे, हा प्रयोग मायामीच्या कोरल वे शाळेने १९६३ मध्ये स्पॅनिश आणि इंग्रजी घेऊन केला होता.

प्रथम पट पाहावा. दोन्ही गट शक्यतो सारखे असावेत; एक गट फारच लहान राहिला, तर मैदानावर मोठ्या गटाचीच भाषा चालते आणि वर्गातली मेहनत वाया जाते. मातृभाषेच्या रकान्यावर विसंबू नये. मूल आजीशी कोणत्या भाषेत भांडते, ते पालकांना विचारावे.

शिक्षक वाढवावे लागत नाहीत. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात. तीस-तीस मुलांच्या दोन मिश्र तुकड्या कराव्यात. एका शिक्षकाने केवळ मराठीत, दुसऱ्याने केवळ हिंदीत शिकवावे आणि मधल्या सुटीनंतर तुकड्यांची अदलाबदल करावी. महापालिकेच्या शिक्षण विभागाची लेखी परवानगी अर्थातच आधी घ्यावी.

खरी कसोटी भाषांतर न करण्याची आहे. हाच धडा दुपारी आपल्या भाषेत पुन्हा येणार, हे मुलांना एकदा कळले की ती सकाळी ऐकणेच सोडतात. म्हणून मराठीत सुरू झालेले मोजमाप हिंदीत पुढे न्यावे, मागे नेऊ नये. अडलेल्या मुलाला वस्तू, चित्र, हावभाव आणि शेजारी बसवलेला दुसऱ्या भाषेचा जोडीदार यांचा आधार द्यावा.

लिपी एकच असल्याने वाचन एका भाषेतून दुसरीत लवकर उतरते, परंतु हे साम्य फसवेही आहे. हिंदीतली ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीतली म्हणजे दंड; हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न करणाऱ्याचे कौतुक होते, मराठीत त्याला दटावले जाते. मराठीत ‘कवी’ दीर्घ, हिंदीत ‘कवि’ ऱ्हस्व. मराठीत तीन लिंगे, हिंदीत दोन. एकोणपन्नास आणि उनचास यांसारख्या संख्यानामांचा तक्ता भिंतीवर कायम असावा, कारण गणितात बहुतेक गोंधळ तेथेच होतो. ‘मी करून राहिलो’ ही आपली नागपुरी बोली ऐकून मुलाला टोकू नये. वहीत ‘करत आहे’ लिहितात, एवढे सांगितले तरी पुरे.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांच्या बैठकीत मूल पाचवीपर्यंत याच वर्गात ठेवण्याचा आग्रह धरावा, कारण दुसरी भाषा बोलता लवकर येते, तरी तिच्यातून अभ्यास करता यायला अनेक वर्षे लागतात. मध्येच आलेल्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. त्याच्या अपरिचित भाषेसाठी रोज अर्धा तास वेगळा राखावा आणि पहिल्या वर्षी परिसर अभ्यासाची उत्तरे त्याला हव्या त्या भाषेत लिहू द्यावीत.