एका शिळेवरचे तीन लेख आणि माझा बदललेला विषय

एम.ए.ला होते तेव्हा अशोकाचे शिलालेख हाच माझा विषय होता. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी तो बदलला, त्याला कारण जुनागढची, गिरनारच्या वाटेवरची शिळा. तिच्यावर अशोकाच्या आज्ञा आहेत, इ.स. 150च्या सुमारास कोरलेला क्षत्रप राजा रुद्रदामनाचा संस्कृत लेख आहे आणि पाचव्या शतकातला गुप्त सम्राट स्कंदगुप्ताचाही. तिथल्या आज्ञांमध्ये अशोक स्वतःला ‘देवानंपिय पियदसि’ (देवांचा लाडका प्रियदर्शी) म्हणवतो. ‘अशोक’ हे नाव येतं ते रुद्रदामनाच्या लेखात, तिथल्याच सुदर्शन तलावाला पाट काढून देणारा मौर्य राजा म्हणून. धम्माबद्दल तिथे अवाक्षर नाही. चारशे वर्षांत लोकांच्या आठवणीत काय उरलं आणि काय गळलं, या प्रश्नाने मला धरून ठेवलं.

याला आमच्याकडे ‘रिसेप्शन’चा अभ्यास म्हणतात. प्राचीन गोष्ट नंतरच्यांनी कशी वाचली, कशासाठी वापरली, ते शोधायचं. या वाटेला येणाऱ्यांना एक कळकळीने सांगते: जुन्या ‘चुकीच्या’ समजुती खोडून पुढे जाऊ नका. चौदाव्या शतकात सुलतान फिरोजशाह तुघलकाने आजच्या हरियाणातल्या टोपऱ्याहून अशोकस्तंभ दिल्लीला आणवला. हे स्तंभ भीमाच्या हातातल्या काठ्या होत्या अशी लोकांची समजूत त्या काळचा फारसी इतिहासकार शम्स सिराज अफीफ याने नोंदवली आहे. माझ्या पहिल्या मसुद्यात हे एका तळटीपेत होतं. मार्गदर्शकांनी ती टीप वाचून विचारलं, “मग तुमचं ऐतिहासिक साधन कुठलं, हेच ना?” आज त्यावर माझं अख्खं प्रकरण आहे. अशोकाच्या लेखांची ब्राह्मी लिपी वाचता येईनाशी झाल्यावर 1837मध्ये जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाने ती उलगडेपर्यंत लोकांनी त्या दगडांना दिलेले अर्थ हा इतिहासच आहे.

भाषांना वेळ द्या, खूप द्या. प्राकृत आणि संस्कृत तर हवंच. फारसी मी उशिरा सुरू केली आणि त्यात वर्ष गेलं. छापील पाठ उघडण्याआधी लेखाचा कागदावर घेतलेला ठसा स्वतः वाचा, अडखळत का होईना. विषय मात्र लहान घ्या, एखादा स्तंभ किंवा एखादी शिळा.

सध्या सारनाथवर लिहिते आहे. 1904-05च्या उत्खननात मिळालेलं तिथल्या अशोकस्तंभाचं सिंहशीर्ष 26 जानेवारी 1950 रोजी भारताचं राजचिन्ह झालं. त्यात मूळचं उलटं कमळ गाळलं गेलं आणि खाली मुंडकोपनिषदातलं ‘सत्यमेव जयते’ आलं.